नखभर आखूड

तहाच्या बैठकीसाठी म्हाताऱ्या सुताराने दोन खुर्च्या केल्या, अगदी जुळ्या बहिणींसारख्या. फक्त शत्रूच्या पंतप्रधानांसाठी केलेल्या खुर्चीचा एक पाय त्याने नखभर आखूड ठेवला. लढाईत त्याचा मुलगा गेला होता. तेवढंच समाधान.

बैठकीच्या सकाळी आपल्या पंतप्रधान बाई लवकर आल्या. त्यांनी दोन्ही खुर्च्यांच्या पाठी दाबून पाहिल्या आणि डुगडुगणारी खुर्ची आपल्या बाजूला ओढून घेतली.

कोपऱ्यात उभा असलेला सुतार लगबगीने पुढे झाला. "बाईसाहेब, चूक झाली. आत्ता पाचर ठोकून देतो."

"राहू द्या काका, मला सवय होऊ दे," बाई बसता बसता म्हणाल्या. "पुढची बैठक त्यांच्याकडे आहे. तिथल्या सुताराचाही मुलगा गेलाय."