दांडा खाली, साखळी वर

फिटरने दांडा खाली दाबला. रुळांच्या दोन्ही बाजूंच्या बोळांत जमिनीवर पडलेल्या साखळ्या खडखडत कमरेइतक्या वर आल्या. त्याने हात काढला, तसा दांडा आपसूक वर सरकला आणि साखळ्या पुन्हा जमिनीवर लोळल्या.

“काका, खटका पार गुळगुळीत झालाय हो. दांडा खाली अडकतच नाही.”

साखळीकाका पालथ्या घमेल्यावर बसले होते. “काढूनच टाकायचाय ना? मग झिजलाय का धड आहे, तुला काय त्याचं?”

कौलांच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे अजून साखळीकाकाच म्हणत. खरं तर गेली सात वर्षं त्यांच्या हातात दांडा नव्हता, झाडू होता. पूर्वी भट्टीकडून भरलेला गाडा निघाला की घंटा व्हायची आणि काका दांडा ओढायचे. दांडा खाली, साखळी वर. माणसं जागच्या जागी थांबायची. गाडा गेला की दांडा वर, साखळी खाली. गाड्याकडे कुणी बघायचंसुद्धा नाही. साखळी जमिनीवर दिसली की लोक गप्पा मारत रूळ ओलांडायचे, इतका काकांवर भरवसा.

एका दुपारी साखळी जमिनीवर होती आणि गाडा आला. त्याखाली सापडला तो काकांचाच जावई, इथलाच कामगार. चौकशीत काका एवढंच म्हणाले, “मी दांडा ओढायला विसरलो.” कबुली आयती मिळाल्यावर तपास कोण कशाला करतोय? दांड्याला कुलूप लागलं आणि रुळाशी झेंडी घेऊन माणूस उभा राहिला. तान्ह्या पोराला घेऊन लेक वेगळी राहू लागली, ती बापाशी त्यानंतर एक शब्द बोलली नाही. काकाही एका खोलीत एकटे राहायचे. सगळ्या कामगारांत डबा न आणणारे तेवढेच. चार घास फडक्यात बांधून आणायचे.

आज काकांचा शेवटचा दिवस होता आणि दांड्याचाही. म्हाताऱ्याचे गुडघे गेलेत, घरून कुणीतरी न्यायला या, असा ऑफिसातून निरोप गेला होता. लेक येते म्हणाली होती. सकाळपासून काकांनी शर्टाची बटणं तीनदा तपासली होती.

फिटर कारखान्यात नवा होता, पण गोष्ट त्याच्याही कानावर आली होती. त्याने खटका सोडवून तळहातावर घेतला.

“याची तक्रार केली नव्हती?”

“दोनदा केली. बघू म्हणाले.”

“म्हणजे तुम्ही दांडा ओढला असणार आणि तो सुटला असणार. तुमची चूकच नव्हती, काका. आणि दांड्याच्या टोकाला हा घासा कसला? कडी घासल्यासारखा दिसतोय.”

“जुना आहे. काम कर.”

“तुमची मुलगी येतेय ना? मीच सांगतो तिला.”

काका उठले. त्यांनी फिटरचं मनगट धरलं. “एक शब्द काढायचा नाही. पाया पडतो तुझ्या.”

एवढ्यात लेक आली. ती रुळांच्या पलीकडेच उभी राहिली. अंगाने वाळली होती, कानाजवळचे केस पांढरे झाले होते. काकांना तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण रूळ ओलांडायची त्यांनाही छाती झाली नाही.

“हाच ना तो दांडा?” ती म्हणाली.

“हाच.”

“त्यांना गार भाजी चालायची नाही, म्हणून मी शेडमध्ये गरम करत बसले होते. पाच मिनिटं, फार तर. बाहेर आले तर सगळी माणसं इथं गोळा झालेली.” तिने डोळे पुसले. “वीस वर्षांत तुम्ही एकदा विसरला नव्हतात. मग त्याच दिवशी कसे विसरलात? सात वर्षं हेच डोक्यात घोळतंय. काहीतरी बिघडलं होतं, एवढं सांगा. मी मानीन. पोरगा विचारतो, आजोबा कुठे असतात. तुमच्यासाठी आतली खोली झाडून ठेवलीय मी.”

फिटरने काकांकडे पाहिलं. काकांनी नकारार्थी मान हलवली. फिटरने खटक्यावर मूठ मिटली.

“काही बिघडलं नव्हतं,” काका म्हणाले. “मी विसरलो, पोरी.”

लेक म्हणाली, “गेटवर रिक्षा थांबवलीय. तुमच्या खोलीवर सोडेल.” आणि ती वळून चालू लागली.

फिटरला राग आवरेना. “हातातोंडाशी आलेलं घर घालवलंत, काका. सगळा दोष या खटक्याचा, आणि तुम्ही तो डोक्यावर घेऊन बसलात. कशासाठी?”

काका रडत होते. त्यांनी दांड्याच्या टोकावरच्या घाशावरून अंगठा फिरवला.

“खटका झिजल्यावर दांडा खाली कसा टिकायचा, ते नाही विचारलंस.”

“कसा टिकायचा?”

“माझी अक्कल. दुपारी लेक माझा नि जावयाचा डबा आणायची. पितळी, चार पुडांचा. गाडा यायच्या वेळेला दांडा ओढायचा आणि टोकाला भरलेला डबा अडकवून द्यायचा. काय बिशाद दांडा हलायची. मग मी खुशाल पाणी प्यायला जायचो. तिला वाटायचं, खुंटीला टांगावा तसा टांगलाय.”

“मग त्या दिवशी डबा अडकवला नव्हता?”

“अडकवला होता.” काकांनी गेटकडे पाहिलं. लेक पदराने तोंड पुसत बाहेर पडत होती. “भाजी गरम करायला तिनं काढून नेला.”