कोरं तोंड

आजी नातीसाठी कापडी बाहुल्या शिवायची. डोळे, नाक, वेण्या, सगळं जीव ओतून करायची. तोंडाची जागा मात्र कोरी ठेवून सुई नातीच्या हातात द्यायची. म्हणायची, "हिनं काय बोलायचं ते तू ठरव."

आजी गेली, तेव्हा शिलाई मशीनवर अशीच एक बाहुली उरली होती. लेकीनं डोळे पुसले आणि ती नातीपुढे धरली.

नातीनं बाहुलीचा झगा चाचपला. "ही माझी नाही, आई. हा तुझा शाळेचा फ्रॉक आहे, फोटोतला."

मूग गिळून बसते म्हणून साऱ्या घरानं जिला जन्मभर नावं ठेवली, ती लेक मशीनसमोर बसली. तिनं सुईत लाल दोरा ओवला.

"हसरं तोंड काढ ना."

"हसेल नंतर," लेक म्हणाली. "आधी बोलू दे."