ओळख पटवण्यासाठी

१९८९ साली स्वीडनच्या एका जोडप्याने पनवेलच्या बालगृहातली आठ महिन्यांची आभा दत्तक मागितली. सरकारी कचेरीतले हेडक्लार्क कमळाकर प्रधान जेव्हा जेव्हा फाइल उघडत, तेव्हा तिच्यातला फोटो तीन महिन्यांहून जुना झालेला असे.

"ताई, पोर वाढणारच ना! मग ओळख कशी पटवायची? नवा आणा," असे म्हणून ते फाइल पुन्हा ढिगाच्या तळाशी सरकवत.

दोन वर्षांनी त्या जोडप्याचे पत्र आले. त्यांनी वाट पाहणे सोडले होते. बालगृह चालवणाऱ्या रमाताईंनी मात्र सोडले नाही. दर तीन महिन्यांनी त्या आभाला स्टुडिओत नेत आणि नवा फोटो प्रधानांच्या टेबलावर ठेवून पोच मागत.

"अहो, ते प्रकरण संपलं की आता!"

"मग फाइल बंद केल्याचं लेखी द्या."

तेवढे लिहायलाही प्रधानांना सवड नव्हती. मान खाली घालून पोचेवर शिक्का मारणे सोपे होते.

१९९६ साली प्रधान निवृत्त झाले. निरोप समारंभाला रमाताई आल्या. त्यांच्यासोबत आलेल्या सात वर्षांच्या मुलीने प्रधानांच्या हातात गुच्छ दिला.

"किती गोड! कुणाची हो ही?" भरल्या सभेत प्रधानांनी विचारले.

 

"हिचे सव्वीस फोटो आहेत तुमच्याकडे, साहेब. अजून ओळख पटत नाही?"