वनस्पती : निरंक

“‘शेवाळवर्गीय वनस्पती : निरंक’? अहो, मे महिन्यातल्या पाहणीत काय दिसणार!” जनसुनावणीत मी अहवाल टेबलावर आपटला. याच कागदाच्या आधारे खाडीकाठच्या खाऱ्या, गवताळ खाजणात कोळंबीची तळी खोदणार होते. माझा आवाज इतका चढतो, हे मलाच ठाऊक नव्हतं.

डब्यातून खाजणातल्या मातीचा वाळका पापुद्रा काढून मी त्यावर सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या पेल्यातलं पाणी ओतलं. बघता बघता मॉसची पानं उलगडली, लिव्हरवर्ट या दुसऱ्या शेवाळवर्गीय वनस्पतीच्या हिरव्या चकत्या पसरल्या.

“पावसाळ्यात चिखल तुडवायला नको, म्हणून उन्हाळ्यात उरकलं! कोण हा दिवटा?”

साहेबांनी जुनी फाइल हळूच पुढे सरकवली. “सर, अहवालातली ही नोंद तुमच्याच शहाऐंशी सालच्या पाहणीतून घेतली आहे.”

सही माझीच होती.

“मग तक्रार लिहून घ्या,” मी आणखीच ओरडलो. “माझ्याविरुद्ध!”