अर्ध्या भाकरीचा शोध

कारखान्याच्या कँटीनमध्ये यंत्राने कामगार द्वारकाच्या मनगटावरचा पट्टा वाचला आणि ताटात अर्धीच भाकरी टाकली.

"अंगावर पुरेशी चरबी नसली, की पाळीच येत नाही. तुमचाच शोध, मॅडम!" मॅनेजर कौतुकाने म्हणाला. "बाळंतपणाच्या रजेची भानगडच उरली नाही."

पाहुण्या म्हणून आलेल्या डॉ. सुनीती टिपणीस त्या अर्ध्या भाकरीकडे पाहत राहिल्या. मूल होईना म्हणून नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांचा दोष नाही, उपासमारीचा आहे हे दाखवून त्यांना पोटभर खायला मिळावं, यासाठी त्यांनी या शोधात आयुष्य वेचलं होतं. त्यांनी आपली श्रीखंडाची वाटी द्वारकापुढे सरकवली. ती त्यावर तुटून पडली. तिचा पट्टा वाजला.

"खाऊ दे," मॅनेजर हसला. "उद्याच्या ताटातून आपोआप वजा होईल."

द्वारका बोटं चाटत म्हणाली, "मग बाई, उद्याही याल ना?"