दारावरचा आकडा

शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी आल्या तेव्हा डॉ. शर्वाणी मुळगुंद यांना स्वतःबद्दल पूर्ण खात्री होती. दारावर आकडा उमटला, अठ्ठावन्न. डॉक्टरांचा स्वतःवरचा विश्वास साठच्या खाली असला, की ते दार उघडत नसे.

"यंत्र बिघडलंय का?" त्यांनी विचारलं.

"सकाळी दोघांना बरोबर आत सोडलंय, मॅडम," सिस्टर रेबेका म्हणाल्या.

शर्वाणी गोंधळल्या. वीस वर्षं मोतीबिंदू काढणाऱ्या बाईला आपल्याच मनातलं कळू नये? आकडा त्रेपन्नवर आला, मग एकोणपन्नासवर. आता हात खरोखरच गार पडले होते. भीती होती म्हणून आकडा घसरला, की आकडा पाहून भीती वाटली, हे त्यांना सांगता येईना.

बाकावर त्यांचे पेशंट बसले होते, घड्याळं दुरुस्त करणारे वामनराव तांबट. त्यांना एकाच डोळ्याने दिसायचं, तेही आता धूसर.

"काका, दुसरे डॉक्टर बोलावू का? माझा आकडा कमी आहे."

"ज्यांच्या हातून माझा पहिला डोळा गेला, त्यांचा अठ्ठ्याण्णव होता," वामनराव म्हणाले. "तुम्हीच करा."

शर्वाणींनी रजिस्टरमध्ये 'माझ्या जबाबदारीवर' असं लिहून सही केली आणि आणीबाणीच्या किल्लीने दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी वामनरावांनी औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं घडाघडा वाचून दाखवली.

त्यांच्या खोलीतून बाहेर आल्यावर शर्वाणींनी हळूच विचारलं, "सिस्टर, काल आत मी घाबरलेली दिसत होते का हो?"

"काय की, मॅडम," रेबेका म्हणाल्या. "तुम्ही तर गुणगुणत होतात."