दुभाषी

मंत्रीसाहेब माइकसमोर आले आणि तिने हात उचलले. समोर पुस्तकबांधणीच्या सरकारी कारखान्यातले सगळे कामगार. एकालाही ऐकू येत नव्हतं. साहेब बोलणार आणि ती ते खुणांनी सांगणार, एवढंच तिचं काम. पहिल्या रांगेत तिचे बाबा बसले होते. जन्म गेला होता त्यांचा त्या कारखान्यात.

साहेबांचा आवाज मोठा गोड. "कारखाना बंद करायचं मी ठरवलेलं नाही हो, तुम्हीच ठरवलंय. तुमच्याच संमतीने होतंय सगळं."

तिचे हात अडखळले. संमती? यांना विचारलं कधी? पण दुभाष्याने पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचंही नाही. तिने जसंच्या तसं सांगितलं.

बाबांनी खुणेने विचारलं, 'हे तू सांगतेस, पोरी? तुझ्या हातांनी?'

त्यांनी थोबाडीत मारली असती तरी तिला चाललं असतं.

सचिव मात्र खूश. हातातला माइक खाली धरून तो तिच्या कानाशी लागला, "यांच्या सभेत बरं असतं. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही."

"कुणाची हरकत?" साहेबांनी विचारलं. तिने तेही सांगितलं. बाबा ताडकन उठले. त्यांचे हात भराभरा चालू लागले. साहेबांनी हसून त्यांना हात हलवला. "बघा, कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणजे सगळ्यांना मान्य!"

तिने सचिवाच्या हातातला माइक काढून घेतला.

"मान्य नाही," ती बाबांच्या हातांकडे बघत म्हणाली. "आम्हाला कुणी विचारलंच नाही. कारखाना आमचा आहे. आम्ही इथून हलणार नाही."

सभागृहाच्या दारातले शिपाईसुद्धा वळून बघायला लागले.

"अहो बाई!" सचिव हडबडला. "साहेबांचं यांना सांगायचं, एवढंच काम तुमचं!"

"आणि यांचं साहेबांना कोण सांगणार?"

साहेबांचा सगळा गोडवा उतरला. "तुला कुणी सांगितलं गं बोलायला?"

तिने हेही गाळलं नाही. माइक काखेत धरला, सभागृहाकडे वळली आणि साहेबांचा प्रश्न जसाच्या तसा खुणांनी विचारला.

सगळ्या रांगा उभ्या राहिल्या. प्रत्येकाने आपल्या छातीवर हात ठेवला.

तिने माइक तोंडाशी नेला.

"आम्ही."